निकाली कुस्ती की बरोबरी? कसोटी कर्णधाराचा हात नेमका कधी आखडतो

गंगावेस (धागाकर्ता)

परवा संध्याकाळी नेट प्रॅक्टिसवरून येताना गंगावेशीत दूध प्यायला थांबलो आणि तिथं तासभर वाद रंगला. विषय असा: २०२५ च्या जुलैत एजबॅस्टनला शुभमन गिलनं इंग्लंडपुढं ६०८ चं लक्ष्य ठेवलं, तेव्हा डाव सोडायला, म्हणजे आपली बॅटिंग थांबवून डाव घोषित करायला, उशीर केला का? आपण ३३६ धावांनी जिंकलो, आकाश दीपनं मॅचमध्ये १० विकेट काढल्या, म्हणून बहुतेकांच्या मते प्रश्न मिटला. माझ्या मते मिटलेला नाही. पाचव्या दिवशी सकाळी पावसामुळं खेळ उशिरा सुरू झाला होता. तोच पाऊस दुपारपर्यंत लांबला असता तर गिलचं कौतुक करणारेच त्याला नावं ठेवत बसले असते.

हात आखडायची ही सवय आपल्याकडं जुनी आहे. तीन मॅच सांगतो.

ओव्हल, ऑगस्ट २००७. आपण मालिकेत १-० पुढं. आपले ६६४, त्यात कुंबळेचं शतक. इंग्लंड ३४५. आघाडी ३१९ ची, तरी द्रविडनं फॉलोऑन दिला नाही, म्हणजे इंग्लंडला लगेच परत बॅटिंगला लावलं नाही. दुसऱ्या डावात स्वतः ९६ चेंडूंत १२ धावा काढल्या. शेवटी इंग्लंड ६ बाद ३६९, मॅच ड्रॉ.

वेलिंग्टन, एप्रिल २००९. पुन्हा १-० पुढं. धोनीनं न्यूझीलंडला ६१७ चं लक्ष्य दिलं. चौथ्या डावात पाठलाग करून जिंकण्याचा जागतिक विक्रम तेव्हाही ४१८ चाच होता, म्हणजे विक्रमाच्या डोक्यावर अजून दोनशे धावा रचल्या. पाचव्या दिवशी पाऊस आला तेव्हा न्यूझीलंडचे ८ गेले होते. दोन विकेट राहिल्या.

डोमिनिका, जुलै २०११, समोर वेस्ट इंडिज. परत १-०. जिंकायला १५ ओव्हरमध्ये ८६ धावा, हातात ७ विकेट. आपण कसोटीत पहिल्या क्रमांकावर, तीन महिन्यांपूर्वी वर्ल्ड कप जिंकलेला. आणि आपण हात मिळवून बाहेर आलो.

मी कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या मातीजवळ वाढलेला माणूस. आमचे आजोबा कुस्तीचा फलक बघितला की एकच विचारायचे, "निकाली हाय का?" बरोबरीत सोडवलेली कुस्ती ते घरी येऊन सांगतसुद्धा नसत. पाच दिवस खेळून, समोरचा खाली आलेला असताना आपणच पकड सोडायची, हे मला पटत नाही. ज्यांना पटतं त्यांनी समजावून सांगावं.

जुना चेंडू

गंगावेस, भावा, तुझ्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे आणि ती तूच तीनदा लिहिलीस: १-०. तिन्ही मॅच मालिकेतल्या शेवटच्या होत्या. इंग्लंडमध्ये आपण त्याआधी १९८६ मध्ये मालिका जिंकलो होतो, न्यूझीलंडमध्ये १९६८ मध्ये. हातात आलेली मालिका २१ वर्षांनी, ४१ वर्षांनी आलेली. ती मॅच जिंकून २-० झालं असतं तर बरं वाटलं असतं, पण हरून १-१ झालं असतं तर पुढची वीस वर्षं आपण तेच उगाळलं असतं.

आता द्रविडबद्दल. सगळे ओव्हल काढतात, पण त्याच्या आधीचं मुंबई कोणी काढत नाही. मार्च २००६, वानखेडे, द्रविडची शंभरावी कसोटी. इंग्लंडविरुद्ध आपण १-० पुढं, मालिकेतली शेवटची मॅच. द्रविडनं पाच बॉलर घेतले, टॉस जिंकला आणि पहिली बॉलिंग घेतली. जिंकायलाच उतरला होता. पाचव्या दिवशी लंचनंतर पत्त्याचा बंगला पडावा तसे आपण पडलो. सगळे बाद १००, २१२ धावांनी पराभव, मालिका १-१. ती दुपार मी दुकानातल्या टीव्हीसमोर उभं राहून काढली. गिऱ्हाईक मापं घेऊन उभं होतं आणि मी शॉन उडालची बॉलिंग बघत होतो.

सतरा महिन्यांनी ओव्हलला तोच कर्णधार, तेच १-०, तीच शेवटची मॅच. त्यानं काय करावं अशी तुझी अपेक्षा होती? ज्याचा हात एकदा पोळलाय तो चुलीपाशी जपूनच जाणार. याला भित्रेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

गंगावेस

काका, मुंबई मी विसरलो होतो, हे कबूल. पण पोळलेला हात हे कारण झालं, समर्थन नव्हे. ओव्हलला दुसऱ्या डावात आपण ३ बाद ११ होतो. फॉलोऑन दिला असता तर ते ३ बाद ११ झालंच नसतं. सावधपणानंच संकट ओढवून घेतलं आणि मग ते निस्तरायला ९६ चेंडू घालवले.

डावा अंगठा

फॉलोऑनवर सगळे बोलतात, बॉलरला कोणी विचारत नाही. मी फास्ट टाकायचो, मोठा कोणी नव्हे, जिल्हा पातळीवरचा. एक मॅच सांगतो.

दोन दिवसांची मॅच, एप्रिल महिना, मैदान असं कडक की स्पाइक रुतायच्या ऐवजी वाजायच्या. पहिल्या डावात मी १९ ओव्हर टाकल्या. राइट आर्म बॉलरचा डावा पाय आपटतो, हे टाकणाऱ्याला माहीत आहे. प्रत्येक चेंडूला अंगठा बुटाच्या टोकावर जाऊन आदळतो. तेराव्या-चौदाव्या ओव्हरला मोजा ओला लागायला लागला. मला वाटलं घाम. शेवटची विकेट पडली, सगळे टाळ्या पिटत बाहेर आले आणि आमच्या कॅप्टननं तिथंच बाउंड्रीवर अंपायरना सांगितलं, फॉलोऑन. दहा मिनिटांत परत मैदानात. मी बूट काढलाच नाही, कारण काढला असता तर परत चढला नसता.

दुसऱ्या डावात पहिल्या ओव्हरपासून माझा रनअप चार पावलांनी आखूड झाला होता. त्यांचे ओपनर लंचपर्यंत राहिले, मग चहापर्यंत. मॅच ड्रॉ झाली. घरी येऊन मोजा कापून काढावा लागला. नख काळंनिळं होऊन उचललं होतं.

आता ओव्हल बघा. इंग्लंडचा पहिला डाव शंभरावर ओव्हर चालला. झहीर, आर. पी. आणि श्रीशांत हे तीनच फास्ट बॉलर, आणि मालिकेतली ती तिसरी कसोटी. त्यांना लगेच परत पळवायचं होतं का? आणि लगेच पळवल्यावर काय होतं ते कोलकात्यानं २००१ मध्ये दाखवलंय. सलग १६ मॅच जिंकून आलेला ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह वॉ, २७४ ची आघाडी, फॉलोऑन दिला. लक्ष्मण २८१, द्रविड १८०, चौथा अख्खा दिवस एक विकेट नाही. मॅकग्रा आणि गिलेस्पी त्या दिवशी कसे चालत होते ते आठवा.

चौथा डाव

कोलकात्याचा दाखला सगळे देतात, पण फॉलोऑन देऊन हरलेल्या मॅच कसोटीच्या इतिहासात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. त्यातली एक आपल्या नशिबी चांगली आली म्हणून तिचा नियम करू नका.

आणि काका, तुमचं १-० चं गणित आता चालत नाही. टेस्ट चॅम्पियनशिपमध्ये जिंकलं तर १२ गुण, ड्रॉ झाली तर ४. दोन मॅच ड्रॉ केल्या तर ८. एक जिंकली, एक हरली तर १२. म्हणजे जो कर्णधार हरायचा धोका पत्करतो तो पुढं जातो. ड्रॉ म्हणजे आता अर्धं ताट नाही, पाव भाकरीपेक्षा जरा जास्त एवढंच.

कानपूर २०२४ बघा. बांगलादेशविरुद्ध दोन पूर्ण दिवस पावसात गेले, पहिल्या दिवशी फक्त ३५ ओव्हर झालेल्या. जुन्या हिशेबानं ती मॅच मेलेली होती. रोहितनं पोरांना मोकळं सोडलं. तीन ओव्हरमध्ये ५०, ३४.४ ओव्हरमध्ये ९ बाद २८५ आणि डाव घोषित. आघाडी फक्त ५२ ची, पण वेळ मिळाला. सात विकेटनी जिंकलो. असा निर्णय २००७ मध्ये कोणी घेतला असता?

जुना चेंडू

कानपूरला मी पण उड्या मारल्या. पण तिथून सोळाच दिवस पुढं ये. बेंगळुरू, ढगाळ हवा, समोर न्यूझीलंड, रोहितनं टॉस जिंकून बॅटिंग घेतली. सगळे बाद ४६. पिच ओळखण्यात चूक झाली हे त्यानं स्वतः मान्य केलं. पुढं पुणे गेलं, मुंबई गेली, घरच्या मैदानावर ०-३. माझं म्हणणं एवढंच की धाडस हे बांगलादेशची बॉलिंग बघून केलेलं होतं आणि योग्य होतं. ती सवय म्हणून पुढच्या गावाला घेऊन जाता येत नाही.

इंग्लंडचा कर्णधार स्टोक्स, त्याचंही तेच. २०२३ ला एजबॅस्टनला पहिल्याच दिवशी ८ बाद ३९३ वर डाव सोडला, रूट ११८ वर नाबाद उभा. ऑस्ट्रेलिया दोन विकेटनी जिंकली. रूटबरोबर अजून तीस धावा जोडल्या असत्या तर?

चौथा डाव

काका, तीस धावा जोडल्या असत्या तर ती मॅच तशीच उलगडली असती हे कशावरून? निकाल बघून निर्णयाला मार्क देणं बरोबर नाही. दोन्ही बाजूंनी.

जुना चेंडू

हे मात्र मान्य. मग ओव्हललाही तोच न्याय लाव.

स्कोअरवही

सगळं वाचलं. मी अनेक वर्षं मैदानाच्या कडेला वही घेऊन बसलेय, त्यामुळं तुम्ही मांडलेल्या दोन गटांत मला माणसं बसवता येत नाहीत.

अजित वाडेकरांना लोक जपून खेळणारा कर्णधार म्हणायचे. १९७१, किंग्स्टन. आपण ५ बाद ७५ वरून सरदेसाईंच्या २१२ मुळं ३८७ पर्यंत गेलो. वेस्ट इंडिज २१७. आघाडी १७०. पाच दिवसांच्या मॅचमध्ये फॉलोऑनला २०० लागतात. पण पहिला दिवस पावसानं वाया गेल्यामुळं ती मॅच चार दिवसांची धरली गेली आणि चार दिवसांच्या मॅचला १५० पुरतात. वाडेकर सोबर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सांगितलं की तुम्ही परत बॅटिंग करा. वेस्ट इंडिजला आपण फॉलोऑन द्यायचा, ही तोवर कोणी मनातसुद्धा न आणलेली गोष्ट. मॅच ड्रॉ झाली. पण पुढच्याच कसोटीत पोर्ट ऑफ स्पेनला आपण वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं आणि तीच १-० शेवटपर्यंत सांभाळली. आता सांगा, वाडेकर कुठल्या रकान्यात लिहू?

आणि गंगावेस, ज्या द्रविडनं ओव्हलला ९६ चेंडू खाल्ले, त्याच द्रविडनं मार्च २००४ मध्ये मुलतानला सचिन १९४ वर नाबाद असताना डाव घोषित केला होता. बदली कर्णधार होता, समोर सचिन होता, द्विशतकाला सहा धावा हव्या होत्या. एका डावानं आणि ५२ धावांनी जिंकलो. मला विचाराल तर तो निर्णय कानपूरपेक्षा अवघड. तिथं बॉलरना नव्हे, आपल्याच माणसांना तोंड द्यायचं होतं.

आपल्या कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांचं उदाहरण तर घरचंच. डिसेंबर १९४८, पुणे, ४४३ नाबाद. ब्रॅडमनचे ४५२ अवघ्या नऊ धावांवर. काठियावाडचे २३८, महाराष्ट्राचे ४ बाद ८२६. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, यांना आपल्यावर विक्रम नको होता. त्यांनी मॅच सोडून दिली. मॅच जिंकण्यासाठी महाराष्ट्रानं डाव आधीच सोडला असता तरी चाललं असतं, पण आपल्या माणसासाठी खेळत राहिले, आणि शेवटी समोरच्यानंच वही मिटली. एकेका डावावर दोन कर्णधारांच्या मनाचं एवढं ओझं असतं. त्याला आक्रमक किंवा बचावात्मक असं एका शब्दात कसं लिहायचं?

चौथा डाव

मावशी, निंबाळकरांचं ऐकून माहीत होतं, पण डाव सोडण्याच्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं.

एक भर घालतो. सिडनी २०२१. रहाणे कर्णधार, ४०७ चं लक्ष्य, पाचव्या दिवशी सकाळीच रहाणे स्वतः आउट. वाचवायची मॅच. आणि पाचव्या नंबरवर विहारीऐवजी पंत आला. त्यानं ९७ मारले, लायनला फील्ड पसरवायला लावली. नंतर विहारी १६१ चेंडूंत २३ आणि अश्विन १२८ चेंडूंत ३९, दोघं शेवटपर्यंत नाबाद. ड्रॉ झाली म्हणून पुढं गाब्बाला जिंकून मालिका घेता आली. त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली होती आणि विहारीचा प्रत्येक ब्लॉक मला षटकारासारखा वाटत होता. मी वर ड्रॉला पाव भाकरी म्हणालो, ते सिडनीला लागू नाही.

गंगावेस

मावशींनी आणि डाव्या अंगठ्यानं मला ओव्हलवरून मागं सरकवलंय, हे उघड सांगतो. तीन फास्ट बॉलर आणि शंभर ओव्हर हा हिशेब मी कधी मांडलाच नव्हता. फॉलोऑन न देणं समजलं. त्यानंतरची कूर्मगती अजून पटत नाही.

वेलिंग्टनवर मी तसूभर हटणार नाही. बॉलर ताजे होते, लक्ष्य विक्रमाच्या दोनशे पुढं होतं, फक्त तास हवे होते आणि ते आपण स्वतः खाल्ले.

डावा अंगठा, एक विचारायचं होतं. तुझ्या कॅप्टननं फॉलोऑन द्यायच्या आधी तुला विचारलं होतं का?

डावा अंगठा

नाही. आणि विचारलं असतं तर मी "टाकतो की" म्हणालो असतो. कुठलाही बॉलर तेच म्हणतो. दोन वर्षांनी मी कॅप्टन झालो तेव्हा डाव संपला की फास्ट बॉलरच्या शेजारी जाऊन बसायचो आणि बूट काढायला लावायचो. मोजा बघायचो, मग अंपायरकडं जायचो.

गंगावेस

हे लक्षात राहील. पण डोमिनिकावर अजून कोणी बोललेलं नाही. तिथं ना बॉलर दमलेले, ना मालिका हातची जाणार होती. १५ ओव्हर, ८६ धावा, ७ विकेट. तीन विकेट लवकर गेल्या असत्या तरी उरलेल्यांनी ब्लॉक केलं असतं. काका?

जुना चेंडू

डोमिनिकाचं उत्तर माझ्याकडं नाही. त्या रात्री मी जागाच होतो. घरात सगळे झोपलेले, आवाज बंद करून बघत होतो. दोन्ही संघांनी हात मिळवायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं ड्रिंक्स ब्रेक आहे. मी उठून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर मैदान रिकामं.