अनुभव धागा: तुमच्या घरी भाकरी रोज होते का?

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होऊन गेलं. दुकानांत नाचणीची बिस्किटं आली, बाजरीचे चिवडे आले, ज्वारीच्या लाह्यांची रंगीत पाकिटं आली. रोजच्या तव्यावर मात्र काय उरलं, ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे.

माझं मत आधीच सांगते. घरातल्या एकट्या माणसाचं पथ्य टिकत नाही. 'बाबांना शुगर आहे म्हणून त्यांना भाकरी, बाकीच्यांना पोळी' असं सुरू झालं की थोड्याच दिवसांत बाबाही पोळीवर येतात. जे सगळ्यांच्या ताटात वाढलं जातं तेच टिकतं. म्हणून आमच्याकडे (पुणे, सासर साताऱ्याचं) रात्रीचं जेवण भाकरीचं, सगळ्यांचंच. सकाळी डब्यांची घाई असते, तेव्हा पोळ्या. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते आणि रात्री सगळे घरी असतात, हे त्यामागचं साधं कारण. मुलांना पुरीएवढ्या छोट्या भाकऱ्या थापून द्यायच्या, वर लोणी आणि कारळ्याची चटणी.

ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई यांतलं तुमच्याकडे काय होतं, कोण करतं, मुलं खातात का, धान्य कुठून आणता, सगळं लिहा. आजारपणाबद्दल लिहिताना आपल्या घरात घडलं तेवढंच लिहावं, ही विनंती.

सोलापूर

आमच्याकडे 'भाकरी रोज होते का' असं कुणी विचारतच नाही, पोळी कधी होते ते विचारतात! सणाला. मालदांडीची ज्वारी वर्षाची भरून ठेवतो, मंगळवेढ्याकडची. पाऊस सरत आला की काळ्या रानात पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवरच ती येते. वरून पाणी फारसं द्यावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालंय. दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरी आणि गोडसर.

कडक भाकरीबद्दल लिहायलाच हवं. पातळ थापून, मंद आचेवर पूर्ण वाळेपर्यंत भाजलेली भाकरी कित्येक दिवस टिकते. मुलगा शिकायला बाहेरगावी आहे, त्याच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी जाते. मेसचं जेवण नको झालं की दह्यात किंवा आमटीत कुस्करून खातो. बिस्किटाचा पुडा फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

न्यू जर्सी

सोलापूरच्या काकू, एक विचारू? इथल्या भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण थापताना कडा फाटतात आणि उचलताना भाकरी तुटते. माझी आई हेच पीठ बघून म्हणाली, 'विरी गेलीय.' यावर उपाय आहे का? मुलीला भाकरी मनापासून आवडते, म्हणून सोडायची नाहीये.

सोलापूर

आई बरोबर बोलल्या. दळून फार दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा गुण, जाते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नसतो, कारण ग्लूटेन नाही. म्हणून उकळतं पाणी लागतं. पाण्यात चिमूटभर मीठ घाला, उकळी आली की पीठ घाला, ढवळून झाकून ठेवा. हाताला सोसेल इतकं निवलं की तळहाताने भरपूर मळा. गरम पाण्यात पिठातला स्टार्च फुलतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. एका वेळी एकाच भाकरीचं पीठ मळायचं. आणि पाकीट फोडलं की उरलेलं पीठ फ्रीजरमध्ये ठेवत जा, बाळा.

जळगाव

कळण्याची भाकरी कुणी लिहिली नाही अजून! ज्वारीत अख्खे काळे उडीद आणि थोडं मीठ घालून एकत्र दळून आणायचं. आम्ही चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद घेतो. सोबत ठेचा, कच्चा कांदा, वर शेंगदाण्याचं तेल. धान्यात जे प्रथिन कमी पडतं ते डाळीत असतं, म्हणजे दोन्ही एकाच घासात मिळतं. आमच्या घरी कुणी मांसाहार करत नाही, त्यामुळे वाढत्या मुलांसाठी मला ही भाकरी फार महत्त्वाची वाटते.

यवतमाळ

माझा अनुभव शेताच्या बाजूने आहे, थोडा लांब होईल.

माझ्या लहानपणी आमच्या वावरात ज्वारी असायची. सकाळी ज्वारीच्या कण्या आणि ताक, नाहीतर भाकर आणि अंबाडीची भाजी. जवसाची चटणी बारा महिने. मग कापूस होताच, त्यात सोयाबीन वाढलं, राशनवर गहू-तांदूळ मिळू लागला आणि ज्वारी वावरातून गेली. वावरातून गेली तशी घरातूनही गेली. लोक म्हणतात नव्या पिढीला भाकर आवडत नाही. मला ते पटत नाही. जे घरात पिकत नाही ते विकत आणून रोज खाणं छोट्या शेतकऱ्याला परवडत नाही, खरी गोष्ट ही आहे.

आम्ही परत ज्वारी पेरली ती खायपुरती. सगळ्यात मोठी अडचण पाखरांची. गावात सगळ्यांची ज्वारी असली की पाखरं वाटली जातात, एकट्याचीच असली की सारा थवा तुमच्यावरच येतो. वरून रानडुकरं. म्हणून शेजारच्या चार जणांना तयार केलं, एका पट्ट्यात पेरली, राखण वाटून घेतली. कडबा मिळाला, बैलांचं काम झालं. सोयाबीनच्या कुटाराला कडब्याची सर येत नाही.

घरात काय फरक पडला? आई-बाबा दोघंही सकाळी कण्या खातात, दुपारपर्यंत भूक लागत नाही म्हणतात. आईचा पोट साफ न होण्याचा त्रास बराच कमी झाला. याहून मोठा दावा मी करणार नाही. पोरं पहिल्यांदा नाक मुरडत होती, हुरडा खाल्ल्यावर वावराकडे यायला लागली. आता कण्यांत गूळ आणि दूध घालून मागतात.

फोंडा, गोवा

आमच्याकडे नाचणीची भाकरी कमी, तिजान जास्त. नाचणी रात्री भिजवायची, सकाळी वाटून कपड्याने गाळायची आणि ते दूध नारळाचा रस व गूळ घालून घोटत शिजवायचं. उन्हाळ्यात सकाळी पोटाला फार शांत वाटतं. दुसरी गोष्ट उकड्या तांदळाची पेज, दहा-अकराच्या सुमारास, सोबत खारातली कैरी. भात सालीसकट उकडताना कोंड्यातली ब जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, त्यामुळे पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळापेक्षा उकडा उजवा. सासूबाईंना हे कारण कुणी शिकवलं नव्हतं, पण आजारातून उठलेल्या माणसाला त्या नेहमी हीच पेज द्यायच्या.

रत्नागिरी

बाळाच्या वरच्या खाण्याबद्दल. सहा महिने पूर्ण झाल्यावर नाचणीचं सत्व सुरू केलं. नाचणी धुऊन भिजवायची, कपड्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची आणि वस्त्रगाळ करायची. मोड आल्यावर ती पचायला हलकी होते, आणि तिच्यातलं लोह अंगी लागायला अडवणारे घटकही कमी होतात. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम १०. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी दोन गोष्टी बजावल्या: वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि मध तर चाटवायचाही नाही, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. घरात मध चाटवायची जुनी रीत होती. आजीला डॉक्टरांकडे सोबत नेलं, त्यांनीच समजावलं आणि तिने लगेच ऐकलं. त्याच पिठाची आंबील आम्ही सगळे पितो: रात्री ताकात पीठ कालवून ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, निवल्यावर वरून ताजं ताक, लसूण, मीठ.

इगतपुरी

आमच्याकडे नाचणीला नागली म्हणतात. डोंगरउतारावर राब भाजून रोपं करायची आणि पावसात आवणी, भातासारखीच. जेवणात नागलीची भाकर आणि पावसाळ्यात रानातली भाजी: फोडशी, टाकळा, कर्टुली. शहरातल्या लोकांना एक कळकळीची सूचना. रानभाजी ओळखणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि कशी शिजवायची तेही तिलाच विचारा. शेवळं चिंच, आमसूल किंवा काकडांशिवाय (काकडं म्हणजे रानातली आंबट फळं) शिजवली तर घसा भयंकर खाजतो. फोटोवरून ओळखून रानातलं काही तोडून आणू नका.

ठाणे

माझ्या मुलाला सीलिॲक आहे, म्हणजे गहू अजिबात चालत नाही. निदान व्हायला वेळ लागला. वजन वाढेना, पोट फुगायचं, चिडचिड. डॉक्टरांनी गहू बंद सांगितल्यावर ज्वारी-बाजरी-नाचणी सुरू केली, तरी त्रास पूर्ण थांबेना. कारण निघालं गिरणी. आधीच्या माणसाचा गहू दळलेल्या जात्यातूनच आमची ज्वारी जायची आणि तेवढं गव्हाचं पीठही त्याला पुरे होतं. मग घरघंटी घेतली, धान्य निवडून-धुऊन घरीच दळायला लागलो, आणि मूल खुललं. पुढे सोयीसाठी घरातला गहूच बंद केला. धाग्याच्या सुरुवातीला ताईंनी लिहिलंय तेच, सगळ्यांच्या ताटात एक. वाढदिवसाला वेगळं ताट घेऊन बसायची वेळ त्याच्यावर घरी तरी येत नाही. हिंगसुद्धा बघून घ्यावा लागतो, बऱ्याच हिंगांत गव्हाचं पीठ असतं. आणि सीलिॲकची शंका असेल तर तपासणीआधी आपल्या मनाने गहू बंद करू नका, तपासणीत तो आजार दिसेनासा होऊ शकतो.

कोल्हापूर

आहारतज्ज्ञ म्हणून थोडं बोलते. भाकरीनेही साखर वाढते, कारण तीही धान्याचीच. तंतू जास्त असल्यामुळे फायदा होतो, पण चार भाकऱ्या खाल्ल्या तर तो फायदा राहत नाही. एक भाकरी, तिच्यापेक्षा जास्त भाजी, वाटीभर उसळ किंवा आमटी असं ताट ठेवा आणि जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून बघा, म्हणजे आपल्या अंगाला काय सोसतं ते कळतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ताट बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर फार खाली जाऊ शकते. आणि जेवणाला लागून चहा नको, त्याने अन्नातलं लोह वाया जातं. भाजीवर लिंबू पिळलं तर उलट जास्त लोह अंगी लागतं.

संगमनेर

बाजरी मागे राहिली, ती मी सांगते. आम्ही थंडीत बाजरी, होळीनंतर ज्वारी असं धरतो. बाजरीत तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ लवकर कडू होतं. आठवड्यापुरतंच दळून आणायचं. पाकिटातली बाजरी कडू लागते म्हणून ज्यांची मुलं खात नाहीत त्यांनी एकदा ताजं दळून बघावं. भोगीला तीळ लावलेली भाकरी आणि वांगं, हरभरा, गाजर, पावटा घातलेली मिसळीची भाजी होते, तीच आम्ही पौषभर अधूनमधून करतो. उरलेल्या भाकरीचा सकाळी कुस्करा: कांदा, मिरची, शेंगदाणे, कोथिंबीर. माझ्या नातवंडांना भाकरीपेक्षा कुस्करा प्यारा, म्हणून रात्री दोन भाकऱ्या मुद्दाम जास्त थापते.