छोट्या जनरेटरवर कॅम्परचा एसी: पुरतो की नाही?

युटाहचा वाटसरू

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आपल्या मंडळींपैकी कुणी ना कुणी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतं, आणि विक्रेता सांगतो की छतावरचा १३,५०० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एसी चालवायचा तर साडेतीन-चार हजार वॅटचा जनरेटर घ्यावाच लागेल. मग ते पंचेचाळीस-पन्नास किलोचं धूड पिकअपमध्ये चढवायला दोन माणसं लागतात. माझं ठाम मत आहे की बहुतेकांना त्याची गरज नाही. २२०० वॅटचा इन्व्हर्टर जनरेटर (व्होल्टेज स्थिर धरून ठेवणारा प्रकार), म्हणजे होंडा ईयू२२००आयच्या वर्गातला, पुरेसा आहे. वजन साधारण २१ किलो, एका हाताने उचलता येतो.

अडचण एसी चालण्याची नाहीच, सुरू होण्याची आहे. चालू असताना हा एसी १,३०० ते १,५०० वॅट घेतो. पण कॉम्प्रेसर उभ्या अवस्थेतून फिरायला लागतो त्या क्षणी पन्नास-साठ अँपिअर ओढतो. भरलेली हातगाडी हलवताना पहिल्या धक्क्यालाच सगळा जोर लागतो, तसं. जनरेटर त्या क्षणी ओव्हरलोड दाखवून वीज तोडतो आणि माणूस समजतो की जनरेटर छोटा पडला. एसीच्या कंट्रोल बॉक्समध्ये सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे कॉम्प्रेसरला हळूहळू वेग देणारं उपकरण, बसवलं की हाच झटका वीस अँपिअरच्या आसपास येतो. सुमारे तीनशे डॉलरची वस्तू आहे, चार वायरी जोडायच्या.

बाकी शिस्त आपली. फ्रिज गॅसवर, पाण्याचा हीटर गॅसवर, मायक्रोवेव्ह बंद. एसी सुरू करताना जनरेटरचा इको मोड बंद ठेवायचा, म्हणजे इंजिन आधीच पूर्ण वेगात असतं. एसी एकदा थांबला तर पाच मिनिटं दम धरायचा. आतला दाब उतरण्याआधी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू करायला जाऊ नये. एवढं केलं की युटाहच्या वाळवंटातल्या मोआबच्या भर दुपारी आतली मंडळी गारव्यात झोपतात.

ह्यूस्टनकर

असहमत, आणि हे मी काळजीपोटी लिहितो आहे. तुम्ही २२०० म्हणता तो आकडा काही क्षणांपुरता. सतत मिळणारी शक्ती १,८०० वॅट, तीही समुद्रसपाटीला. दर हजार फुटांना इंजिन साधारण साडेतीन टक्के शक्ती गमावतं. मोआब चार हजार फुटांवर आहे, म्हणजे तुमच्या हातात उरले साधारण १,५५०. प्रोपेनवर चालवलात तर आणखी दहा टक्क्यांच्या आसपास कमी. दुसऱ्या बाजूला, बाहेर पारा शंभर फॅरनहाइटच्या वर गेला की एसीचा भार वाढतो, कारण कंडेन्सरला तापलेल्या हवेत उष्णता टाकायची असते. ज्या दुपारी एसी सगळ्यात जास्त लागतो, त्याच दुपारी जनरेटर सगळ्यात अशक्त असतो.

आणि आत कोण आहे ते बघा. आपल्याकडे जून-जुलैत आई-बाबा पुण्याहून, नागपूरहून येतात. आपण हौसेने त्यांना कॅनियन दाखवायला नेतो. सत्तरी ओलांडलेला माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या, बंद ट्रेलर. आपण ट्रेल चालायला गेलो आणि मागे जनरेटर ट्रिप झाला, तर ट्रेलरची भट्टी व्हायला फार वेळ लागत नाही. हे गणित काठावर असून चालणार नाही. एक तर दोन जनरेटर पॅरलल केबलने जोडून त्यांची शक्ती एकत्र करा, नाहीतर हुकअप, म्हणजे विजेची जोडणी, असलेली जागा घ्या.

युटाहचा वाटसरू

उंचीचा मुद्दा खरा, पण त्याची दुसरी बाजूही बघा. सात हजार फुटांवर, ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफसारख्या जागी, जनरेटरची पाव शक्ती जाते हे कबूल. पण तिथे एसी लागतोच किती? पाईनच्या सावलीत खिडक्या उघडल्या की काम होतं. खरी अडचण मधल्या पट्ट्यात आहे, मोआबसारख्या, आणि तिथे १,५५० मध्ये १,४०० बसतात.

आई-बाबांना एकटं ठेवून ट्रेलवर जाऊ नये हे मात्र जनरेटर कितीही मोठा असला तरी लागू आहे. मोठे जनरेटरही पेट्रोल संपून बंद पडतात.

तारांची ताई

मी व्यवसायाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, म्हणून मधे पडते. तुम्ही दोघांनीही कन्व्हर्टर विसरलात.

ट्रेलरमध्ये १२० व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणारा कन्व्हर्टर असतो. पंचावन्न अँपिअरचा असेल आणि बॅटरी रात्रभरात उतरलेली असेल, तर तो एकटा आठशे-नऊशे वॅट खातो. सकाळी लोक म्हणतात, "काल चालला, आज का ट्रिप होतो?" उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. आधी तासभर बॅटरी भरून घ्या, मग कन्व्हर्टरचा ब्रेकर पाडा आणि मग एसी लावा. थर्मोस्टॅट १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका.

दुसरं, ज्यांनी ईएमएस (विजेत दोष दिसला तर ती अडवणारं संरक्षक उपकरण) बसवलं आहे त्यांचा जनरेटर नीट चालत असूनही ट्रेलरमध्ये वीज येत नाही. कारण या छोट्या इन्व्हर्टर जनरेटरांमध्ये न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले नसतात. ईएमएसला ते अर्थिंगचा दोष वाटतं आणि ते वीज आत सोडत नाही. त्यासाठी हे दोन्ही जोडणारा बाँडिंग प्लग मिळतो, जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावायचा. हे न कळल्यामुळे चांगले जनरेटर परत करणारी माणसं आहेत.

आणि ह्यूस्टनकरांसाठी एक दिलासा. छोट्या जनरेटरने कॉम्प्रेसर जळतो, ही बऱ्याच जणांची भीती जुन्या पद्धतीच्या जनरेटरांबद्दल योग्य होती. त्यांचा व्होल्टेज भाराखाली खाली बसतो आणि मोटर तापते. इन्व्हर्टर जनरेटर व्होल्टेज धरून ठेवतो आणि झेपेनासं झालं की सरळ वीज तोडतो. यंत्राचं नुकसान होत नाही. माणसांची गैरसोय होते, हे तुमचं म्हणणं उरतंच.

शांतता हवी

वॅट आणि अँपिअरची चर्चा छान आहे, पण शेजारच्या साइटवर झोपलेल्या लोकांचं काय? कंपन्या ४८ ते ५७ डेसिबलचे आकडे देतात. त्यातला ४८ हा फक्त पाव भारावरचा. एसी चालवताना जनरेटर वरच्या टोकाशी असतो, आणि कॉम्प्रेसर लागला-सुटला की आवाज चढतो-उतरतो. सलग आवाजाची सवय होते, या चढउताराची होत नाही.

नॅशनल पार्कांच्या नियमात पन्नास फुटांवर ६० डेसिबलची मर्यादा आहे, आणि कॅम्पग्राउंडांत रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ पाळतात. बऱ्याच ठिकाणी दिवसाही ठरावीक तासांतच जनरेटर लावता येतो. मग तुमचा एसी चालणार कधी? लोक तारे बघायला, नदीचा आवाज ऐकायला इतक्या लांब येतात. ज्याला चोवीस तास एसी हवा त्याने वीज असलेली जागा घ्यावी. मला यात मधला मार्ग दिसत नाही.

युटाहचा वाटसरू

कॅम्पग्राउंडच्या नियमाबद्दल पूर्ण सहमत. मी बोलतोय ते बीएलएमच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या भूमी विभागाच्या, मोकळ्या जमिनीबद्दल, जिथे चौदा दिवसांपर्यंत राहता येतं आणि शेजारी अर्ध्या मैलावर असतो. वेळही दुपारी दोन ते संध्याकाळी सात-आठ. सूर्य कलला की वाळवंट निवतं, छतावरचा पंखा लावला की बस. रात्री माझा जनरेटर बंद असतो.

ह्यूस्टनकर

इथेच आपला खरा मतभेद आहे. तुमची हवा कोरडी आहे. आमच्याकडे गल्फच्या किनाऱ्याला रात्री दोन वाजतासुद्धा ऐंशी फॅरनहाइट आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. मे महिन्यातली मुंबई. पंखा लावून फक्त दमट हवा फिरते. टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडातल्या माणसाने तुमचा सल्ला वाचून छोटा जनरेटर घेतला, तर तो रात्रभर चालवणारच. एसीच्या भारावर एक गॅलनपेक्षा थोडी लहान टाकी चार तासही जेमतेम पुरते. म्हणजे रात्री दोनला उठून, टॉर्च धरून, गरम इंजिनावर पेट्रोल ओतणं आलं. हे मला मान्य नाही.

तारांची ताई

ह्यूस्टनकरांना +१, आणि याहून मोठं कारण कार्बन मोनॉक्साइड आहे. ना वास, ना रंग. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार पोर्टेबल जनरेटरच्या या वायूने देशात दरवर्षी सुमारे शंभर माणसं मरतात. जनरेटर किमान वीस फूट लांब, धुराडं ट्रेलरकडे पाठ करून. पण रात्री वारा फिरतो, आणि झोपलेल्या माणसाला ते कळत नाही. डोकं दुखणं, मळमळ ही लक्षणं जागेपणी ओळखता येतात. झोपेत ती लक्षातच येत नाहीत. नव्या मॉडेलांत वायू साचला की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, पण तो जनरेटरपाशी मोजतो, तुमच्या उशीपाशी नाही.

ट्रेलरमधल्या डिटेक्टरची मागची बाजू आजच बघा. त्यावर तारीख असते. पाच ते सात वर्षांत सेन्सर निकामी होतो, आणि सेकंडहँड ट्रेलर घेणारे ती तारीख क्वचितच पाहतात. माझ्या मते झोपलेलं असताना जनरेटर चालू ठेवूच नये, कुठल्याही आकाराचा.

नाशिकचा भटक्या

एक विचारू का? आमच्याकडे टेम्पो ट्रॅव्हलरवर कॅम्पर बांधणारे छतावरचा एसी टाळून घरगुती इन्व्हर्टर स्प्लिट लावतात. तो हळूहळू वेग घेतो, सुरुवातीचा झटकाच नाही. तिकडे तसं का करत नाहीत?

तारांची ताई

आता करू लागले आहेत. वेग बदलणाऱ्या कॉम्प्रेसरचे छतावरचे एसी आलेत, त्यांना सॉफ्ट स्टार्ट लागत नाही. पण छतावर चालू स्थितीतला एसी असताना तो उतरवून हजार-दीड हजार डॉलर घालायला लोक तयार नसतात. काही जण मागच्या खिडकीत ५,००० बीटीयूचा छोटा खिडकी-एसी बसवतात, फक्त झोपायच्या भागापुरता. तो पाचशे वॅटच्या आत चालतो. मोठ्या बॅटरीवर काही तास जनरेटरशिवायही जातो. शंभर अँपिअर-अवरच्या चार लिथियम बॅटऱ्या म्हणजे साधारण पाच युनिट वीज. मोठा एसी ती चारेक तासांत संपवेल, छोटा रात्र काढेल.

शांतता हवी

हे आवडलं. बॅटरीला माझा अजिबात विरोध नाही.

युटाहचा वाटसरू

मी माझं मत सोडत नाही: कोरड्या प्रदेशात, दिवसा, सॉफ्ट स्टार्टसह २२०० पुरतो. फक्त घेणाऱ्यांनी एक करावं. सॉफ्ट स्टार्ट पहिल्या काही वेळा एसीचा स्वभाव शिकतं, ते शिक्षण घरच्या विजेवर होऊ द्या. मग ड्राइव्हवेमध्ये कडक दुपारी, सगळ्या खिडक्या बंद करून, तीन तास जनरेटरवर चालवून बघा. तिथे ट्रिप झाला तर रानात होणारच.

ह्यूस्टनकर

चाचणीचा सल्ला योग्य. पण ड्राइव्हवे समुद्रसपाटीला असेल आणि जाणार मोआबला, तर चाचणीच्या वेळी एसीबरोबर अडीचशे वॅटचा जास्तीचा भार लावा, उंचीवर जाणारी शक्ती तिथेच वजा होईल. आई-बाबा येणार असतील तर मी अजूनही दोन जनरेटर नेईन. एक बिघडला तर दुसऱ्यावर निदान पंखा, फ्रिज आणि औषधांची पेटी थंड राहते.

तारांची ताई

पॅरलल केबल घेताना दोन्ही जनरेटर एकाच कंपनीचे, त्याच कंपनीच्या किटने जोडा. आणि तीस अँपिअरच्या ट्रेलर प्लगसाठी दोघांपैकी निदान एकावर, किंवा त्या किटवर, तीस अँपिअरचं सॉकेट आहे ना, हे पैसे देण्याआधी बघा.