शिबिरातला एक टीएसएच म्हणजे निदान नव्हे

साताऱ्याच्या शिबिरात 68 वर्षांच्या आईंचा टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक, थायरॉईड मंदावला की वाढतं) थोडा जास्त, 6.8 आला, आता जन्मभर थायरॉईडची गोळी का, असं एकांनी विचारलंय. एका आकड्यावर ठरवू नका. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा करा, सोबत फ्री टी-4 (थायरॉईडचं स्वतःचं संप्रेरक) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धची प्रतिपिंडं). केसांसाठी बायोटिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून दोन दिवस आधी थांबवा, त्याने आकडे चुकतात. वयानुसार टीएसएच थोडा वाढतोच. फ्री टी-4 नॉर्मल आणि टीएसएच 10 च्या आत असेल तर या वयात बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. गरोदरपणाचे निकष मात्र वेगळे, तिथे थांबू नये.

'घरोघरी थायरॉईड झालाय' यात तपासण्या वाढल्याचाही मोठा वाटा आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत 10.95 टक्के प्रौढांत हायपोथायरॉईड (मंदावलेला थायरॉईड) दिसला, आणि त्याखेरीज 8.02 टक्के प्रौढांत टीएसएच वाढलेला पण फ्री टी-4 नॉर्मल असा हा सौम्य प्रकार होता.

गोळी लागलीच, तर खरी गडबड चहात होते, त्याने ती नीट शोषली जात नाही. अनशापोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, दुधाचा चहा अर्ध्या ते एक तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. पहाटे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना हे जमत नाही. त्यांनी रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते. हे न सांगता डोस वाढवत नेला जातो, याचं फार वाईट वाटतं. डोस बदलल्यावर टीएसएच सहा-आठ आठवड्यांनीच करा.

आणि कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर त्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच बघाच, थायरॉईड मंदावल्यानेही ते वाढतं.