मदत हवी आहे: इअरबड्सचा डावा बड सैल पडतोय, बेस गायब

नमस्कार मंडळी,

वायरलेस इअरबड्सबद्दल जाणकारांची मदत हवी आहे. बड्स कानाच्या नळीत जाणारे, सिलिकॉनच्या रबरांचे आहेत. घेतले तेव्हा चपखल बसायचे. हल्ली डावा बड सैल पडतो. गळून पडत नाही, पण बोलताना किंवा काही चावताना हळूहळू बाहेर सरकतो आणि आवाजातला जीवच जातो. उजवा अगदी पहिल्यासारखा आहे.

नेमकं काय होतं ते सांगते. मी तबल्याच्या साथीचं गाणं भरपूर ऐकते. फक्त डावा बड लावून ऐकलं, तर चाटीवरचे (उजव्या तबल्याच्या काठावरचे) बोल स्वच्छ येतात, उलट जरा जास्तच टोकदार वाटतात. डग्ग्याची, म्हणजे डावीकडच्या खर्जातल्या तबल्याची, घुमक मात्र नाहीशी. 'धा' वाजतो आणि कानाला 'ता' ऐकू येतो. आवाज वाढवला की चाट बोचायला लागते, डग्गा काही येत नाही. नॉइज कॅन्सलेशनचंही (बाहेरचा आवाज मारण्याच्या सोयीचंही) तेच. पंख्याची घरघर उजव्या कानात विरते, डावीकडून येतच राहते.

आतापर्यंत बड्स कोरड्या फडक्याने पुसले, फोनवरून काढून परत जोडले, ॲपमधला अपडेट टाकला. सोबत आलेलं मोठ्या मापाचं रबर डावीकडे लावून बघितलं, तर कान दुखायला लागला आणि तरी फट राहिलीच.

दोष रबरात आहे, बडच्या जाळीत आहे की माझ्या कानात, हे ओळखायचं कसं? जाळी साफ करायची तर कशाने? रबरांच्या जागी फोमच्या (स्पंजसारख्या) टिपा घेतल्या तर फरक पडेल का? बाकी बड्स उत्तम चालतात, बॅटरीही छान आहे, त्यामुळे एवढ्यासाठी ते टाकून द्यायला जीव होत नाही. सविस्तर सांगितलंत तर फार बरं होईल.

प्रतिसाद १

लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की अर्धं निदान त्यातच आहे. तरी साफसफाईला हात घालण्याआधी कारण पक्कं करा, कारण फट आणि तुंबलेली जाळी यांवरचे उपाय वेगळे आहेत.

बेस ऐकू यायला कानाची नळी बडने बंद व्हावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी खालच्या सुरांचा दाब त्यातून निसटतो, वरचे सूर मात्र पोचतात. म्हणून आवाज पातळ आणि टोकदार होतो. जाळी तुंबली की बहुतेक वेळा उलटं घडतं: त्या बाजूचा आवाज एकंदरीतच बारीक होतो आणि वरचे सूर बोथट होतात, तोंडावर रुमाल धरून कोणी बोलावं तसे. तुमच्याकडे चाट टोकदार आहे, म्हणजे पहिला संशय फटीवर.

गाणं चालू ठेवून डावा बड बोटाने हलकेच आत दाबून धरा. दाबल्यावर डग्गा परत आला तर फट नक्की. मग दोन्ही बडची रबरं आपसांत बदला. बड बदलू नका, डाव्याउजव्याचा आकार वेगळा असल्याने ते दुसऱ्या कानात बसणारच नाहीत. तक्रार रबराबरोबर उजवीकडे गेली तर रबर खराब. डावीकडेच राहिली तर बड किंवा कान बघायचा. ॲपमध्ये फिट टेस्ट असेल तर तीही करा. त्यात बड एक आवाज वाजवतो आणि आतल्या माइकने तो कानात किती टिकला ते मोजतो.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावाउजवा बॅलन्सचा सरकता काटा असतो, तो मधोमध आहे ना तेही बघून घ्या.

नॉइज कॅन्सलेशन मुख्यतः खालच्या, एकसुरी आवाजांवर चालतं. पंखा, इंजिन वगैरे. वरचे आवाज अडवायचं काम रबरच करतं. फट राहिली की घरघर थेट आत येते, आणि ती मारायला बड जो उलटा आवाज काढतो तोही त्याच फटीतून निसटतो. तेव्हा डावीकडचं नॉइज कॅन्सलेशन बिघडलंय असं लगेच समजू नका.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. मोठ्या रबराबद्दल थोडं.

सैल वाटलं की सगळे मोठं माप लावतात. पण मोठं रबर नळीत नीट पसरत नाही, त्याला चुणी पडते आणि त्या चुणीतूनच हवा जाते. शिवाय ते दबून परत उलगडायला बघतं, म्हणून बड बाहेर ढकलला जातो. तुम्हाला दुखलं आणि तरी फट राहिली, दोन्हीचं कारण हेच असावं. एकदा लहान माप लावून बघा. ते खोल जातं आणि बऱ्याच जणांना तेच घट्ट बसतं. दोन्ही कानांना सारखंच माप लागतं असंही नाही. डावीकडे लहान, उजवीकडे मध्यम ठेवायला काही हरकत नाही.

बसवण्याची रीतही महत्त्वाची. मोठ्या माणसाची कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि थोडी नागमोडी असते. डाव्या कानासाठी उजवा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, तोंड किंचित उघडं ठेवा, बड आत घालून थोडा फिरवा आणि मग पाळी सोडा. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो. चावताना बड सरकतो तो त्यामुळेच. तोंड मिटून बसवलेला बड बोलायला लागलं की लवकर सैल पडतो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. सांगितलंत तसं सगळं केलं.

दाबून धरल्यावर डग्गा परत आला, पण पूर्ण नाही. रबरं बदलल्यावर सरकण्याची तक्रार उजवीकडे गेली. मात्र डाव्या बडचा आवाज चांगलं रबर लावूनही उजव्यापेक्षा दबका आहे. म्हणजे दोन्ही दुखणी एकदमच दिसतात.

मग रबर काढून टॉर्चच्या उजेडात बघितलं. डाव्या रबराची कड गुळगुळीत, चकचकीत झाली आहे आणि एका बाजूला थोडी चपटी, दाबून सोडली तरी गोल होत नाही. आतल्या बाजूला पिवळट तपकिरी कडं धरलंय. बडच्या तोंडावरची जाळी अर्धी कोरडी, स्वच्छ, आणि अर्धी मेण फासल्यासारखी. तिरपं धरलं तरच दिसतं, समोरून बघितलं तर काही कळत नाही. हे कशाने काढू?

प्रतिसाद ३

जाळीवरची ती मेणासारखी चमक म्हणजे कानातला मळच. सोपा उपाय सांगतो. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावा आणि जाळीवर फिरवा, मळ विरघळतो. मी असंच करतो, बड्स व्यवस्थित चालू आहेत.

प्रतिसाद ४

माफ करा, पण हा सल्ला कृपया पाळू नका. तुमचे बड्स वाचले हे चांगलंच झालं, पण विरघळलेला मळ कुठे जातो याचा विचार करा. जाळीच्या मागे लगेचच स्पीकरचा नाजूक पडदा असतो. पातळ झालेला मळ जाळीतून आत झिरपला तर तो परत काढता येत नाही. काही बड्समध्ये जाळी गोंदाने चिकटवलेली असते, तीही सुटू शकते. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला किंचित लावून बडचं बाहेरचं प्लास्टिक पुसायला ठीक आहे, जाळीला नको.

जाळीवर आधी कोरडा उपाय. रबर काढून ठेवा. मऊ केसांचा, पूर्ण कोरडा, नवा टूथब्रश घ्या. बड असा धरा की जाळीचं तोंड जमिनीकडे असेल आणि ब्रश खालून हलका फिरवा, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडेल. हे सगळ्यात महत्त्वाचं. बड टेबलावर उताणा ठेवून घासला की मळ जाळीतून आत ढकलला जातो.

चिकट मळ ब्रशला दाद देत नसेल, तर भिंतीवर कागद चिकटवायची मळलेल्या कणकेसारखी पुट्टी मिळते, ती वापरा. छोटी गोळी करून जाळीवर हलकेच टेकवायची आणि सरळ वर उचलायची. दरवेळी गोळीची स्वच्छ बाजू. जोराने दाबलंत तर पुट्टीच भोकांत अडकेल. उन्हात किंवा हीटरजवळ मऊ झालेली पुट्टी तर अजिबात नको.

टाचणी, सुई, टूथपिक जाळीजवळ आणू नका. एक भोक फाटलं की मळ सरळ पडद्यावर. कॉम्प्रेस्ड एअरचा डबाही नको. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आत जाते. आणि 'आयपीएक्स ७ आहे' (पाण्यापासून बचावाचं मानांकन) म्हणून बड नळाखाली धरू नका. त्या चाचणीत १ मीटर साध्या पाण्यात ३० मिनिटं एवढंच बघतात. साबण, वाहत्या पाण्याचा जोर आणि जुनं झालेलं सील यांचा त्यात हिशेब नसतो.

रबरं मात्र खुशाल धुवा. कोमट पाणी पुरतं, फारच तेलकट असतील तर सौम्य साबणाचा एखादा थेंब. काही कंपन्या साबणही नको म्हणतात, आपल्या बड्सचं माहितीपत्रक आधी वाचा. आतलं कडं बोटाने चोळून काढा, पाणी झटका, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बडवर चढवू नका. ओलं रबर लावून बड चार्जिंगच्या डबीत (केसमध्ये) ठेवला की ती ओल चार्जिंगच्या पिनांवर बसते आणि तिथे गंज धरतो. वाळवायला हेअर ड्रायर नको, रबर उघड्यावर ठेवा.

चढवताना रबर सगळ्या बाजूंनी खाचेत बसलंय ना ते नखाने चाचपा. एका बाजूला अर्धवट बसलेलं रबर बाहेरून ठीक दिसतं आणि हवा तिथूनच जाते.

प्रतिसाद ५

चपटं झालेलं रबर धुऊन परत गोल होणार नाही. सिलिकॉनमध्ये त्वचेचं तेल मुरतं, पकड जाते, कड लवचिक राहत नाही. ते बदलायलाच हवं. जोडी एकदमच बदला, म्हणजे दोन्हीकडे पकड सारखी राहील.

रबर घेताना तीन गोष्टी बघा. बडचं तोंड गोल आहे की लंबगोल, रबराच्या आतली खाच त्याला जुळते का, आणि रबराची उंची. उंच रबर लावलं की कानात मस्त बसतं पण केसचं झाकण टेकत नाही, किंवा टेकलं तरी बड पिनांवर बसत नाही आणि सकाळी एकच बड चार्ज झालेला मिळतो.

फोमबद्दल विचारलं होतंत. सिलिकॉन ज्यांच्या कानात टिकतच नाही त्यांना मी फोमच सांगेन. बोटांनी चेपून बारीक करायचा, कानात घालून वीसतीस सेकंद धरून ठेवायचा, तो फुगून नळीचा आकार घेतो. फट उरत नाही. बोलताना, चावतानाही टिकतो. पण वरचे सूर किंचित मऊ होतात, तुम्हाला चाटेची धार थोडी कमी वाटेल. शिवाय फोम तेल आणि घाम पितो, धुऊन भागत नाही. रोज वापरला तर काही महिन्यांत फुगणं मंदावतं आणि नवा घ्यावा लागतो. तुमचं सिलिकॉन आधी छान बसत होतं, तेव्हा आधी नवं सिलिकॉन लहान मापात घ्या. त्याने भागलं नाही तर फोम आहेच.

प्रतिसाद ६

सगळे बडबद्दल बोलतायत, मला कानाबद्दल सांगायचंय. कान स्वतःला साफ करत असतो. नळीतली त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकते आणि मळ बाहेर आणते. तासन्‌तास बड घातला की ती वाट अडते आणि मळ आत साचतो, मग तोच जाळीवर येतो. एकाच बाजूला जास्त मळ येत असेल तर तो कान दाखवून घ्यायला हरकत नाही. बड काढल्यावरही त्या कानाने दबकं ऐकू येत असेल, खाज, दुखणं किंवा पाणी येत असेल, तर बड्स बंद करून कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. कापसाची काडी घालून कोरू नका, मळ अजून खोल जातो.

आंघोळीनंतर कान ओला असताना बड घालू नका. मधूनमधून बड काढून कानाला हवा लागू द्या. आणि आपले बड्स दुसऱ्याला देणं टाळा, द्यायचेच तर रबर वेगळं ठेवा.

धागाकर्ती

पुट्टीने काम झालं! जाळीवरची चमक गेली आणि डाव्या बडचा आवाज उजव्याच्या बरोबरीला आला. सोबत आलेलं लहान रबर कोरंच पडून होतं, ते सध्या डावीकडे लावलंय. पाळी ओढून बसवला की बोलतानाही जागचा हलत नाही. 'धा' आता 'धा'च ऐकू येतो. मध्यम मापाची नवी जोडीही मागवतेय. बड काढल्यावर कानाने नीट ऐकू येतं, खाज वगैरे नाही, तरी एकदा दाखवून घेईन.

एक नवी शंका. आता डावा बड आत घालताना कुरकुर असा बारीक आवाज येतो, प्लास्टिकची पिशवी चुरगळावी तसा. बसल्यावर थांबतो. जाळी साफ करताना काही बिघडलं असेल का?

प्रतिसाद ४

काळजी करू नका. फट बंद झाल्याचीच ती खूण आहे. नळी घट्ट बंद करत बड आत गेला की हवा दाबली जाते आणि स्पीकरचा पडदा क्षणभर वाकतो, त्याचा तो आवाज. बसल्यावर थांबत असेल आणि गाण्यात कुठे चरचर नसेल, तर बिघाड नाही. सावकाश, थोडा फिरवत घातलात तर आवाजही कमी येईल.

फक्त एवढं बघा. हा दाब बाहेर सोडायला बडच्या अंगावर जाळीपासून वेगळं एक बारीकसं छिद्र असतं. ते मळाने बुजलं की कानात दडे बसल्यासारखं वाटतं आणि बेस पुन्हा बिघडतो. तिथेही टाचणी नको, त्याच कोरड्या ब्रशने छिद्र खाली धरून झाडा. आणि नवी रबरं लावल्यावर त्यांची कड त्या छिद्रावर येत नाही ना, ते बघा.