मदत हवी आहे: बॅटरी उतरलेली, गाडी लॉक, बाबांची फाइल आत (बडोदा, दांडिया बाजार)

नमस्कार मंडळी. तीन आठवडे पुण्याला होतो. काल परत आलो तर गाडी रिमोटला दादच देत नाही. रिमोटमधला सेल बदलला, तरी इंडिकेटरही लुकलुकत नाहीत, म्हणजे गाडीची १२ व्होल्टची बॅटरीच उतरली आहे. जंपर केबल शेजारच्या काकांकडे आहे, पण बॉनेटचा खटका आत, स्टिअरिंगखाली!

रिमोटच्या पोटातली लोखंडी किल्ली काढली. ड्रायव्हरच्या हँडलवरची प्लास्टिकची टोपी उचकटली, तिच्याखाली भोक सापडलं. किल्ली पूर्ण आत जाते, पण केसभर फिरून अडते. सहा वर्षांत तिथे किल्ली लागलेलीच नाही. भोकाच्या तोंडाशी हिरवट गंज दिसतो. जोर लावायची भीती वाटते, पातं आतच मोडलं तर?

ग्रॅफाइट पावडर घालू की गंज सोडवणारा स्प्रे? गॅरेजवाला दारात पाचर घालून तार सोडू म्हणतो, पण माझं मन घेत नाही. रबर आणि रंग दोन्ही जातील. खालून बॅटरीला करंट देता येतो का? कुणी केलंय?

उद्या सकाळी दहाला बाबांना हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचंय. रिक्षाने जाऊ, पण जुने ईसीजी मागच्या सीटवर पडलेत, काचेतून दिसतायत. मांजलपूर, राजमहाल रोडकडचा विश्वासू किल्लीवाला माहीत असेल तर कृपया आजच सांगा.