नाचाच्या क्लासचे पहिले दिवस: आपापले अनुभव लिहा

सांजसावली:
वरच्या फ्लॅटमधल्या मुलीचं कथक सुरू झालंय. दुपारी छतावर ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत् चालू झालं आणि इस्त्री करता करता माझे पाय आपोआप हलायला लागले. लग्नानंतर सुटलं होतं सगळं. तीनतालाच्या १६ मात्रा पाठ होत्या, पण पाय अडायचा 'आ'वर. आधीचा 'तत्' डाव्याने आणि लगेच 'आ'ही डाव्यानेच! ठाय म्हणजे संथ लयीत जमायचं, दुगुन म्हणजे दुप्पट लय आली की उजवा मध्येच घुसायचा. तुम्हीही लिहा. मोठेपणी शिकलेल्यांनी तर लिहाच.

खिडकीतली_मनी:
अगं तो डावा-डावा!! 😂 स्वप्नात येतो अजून.

निवांत:
भरतनाट्यम, चाळिशीनंतर. क्लासात बाकी सगळ्या चिमुरड्या. अरमंडी म्हणजे गुडघे बाहेर, टाचा जवळ, पाठ ताठ. मी खाली गेले की पाठ पुढे, पाठ सरळ केली की मी वर. आणि ती त्रिपताक हस्तमुद्रा! फक्त अनामिका वाकवायची, तर माझी करंगळी निघालीच तिच्या मागोमाग. शेजारची दुसरीतली पोर म्हणे, "काकू, दुसऱ्या हाताने धरून ठेवा, मीपण तसंच करायचे." बाईंच्या आधी तिनेच शिकवलं मला. तट्टडवू, म्हणजे पाय आपटायचे पहिले धडे, तिसऱ्या काळात (सगळ्यात जलद लयीत) अजूनही रामभरोसे.

आडवाटेने:
पुरुष सदस्य आहे, हसू नका. मला कथकच्या पढंतीने, म्हणजे हाताने ताल देत बोल म्हणण्याने, घाम फोडला. तीनतालात १, ५, १३ ला टाळी, ९ ला खाली (टाळी न देता हात नुसता हलवायचा), तोंडाने बोल, आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बरोब्बर यायचं. मीटिंगमध्ये मांडीवर ताल धरायचो. एकदा खालीला हात जरा जास्तच वर गेला, साहेब म्हणाले, "बोला, काय म्हणायचंय?"

खिडकीतली_मनी:
मग??

आडवाटेने:
मग काय, सम हुकली. "काही नाही सर."

घाईगडबड:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. मी नाही, लेक शिकते कथक. टाच दुखते म्हणते. कुणाला झालंय का असं? घरी फरशीवर करते सराव.

निवांत:
दुखतंय तोवर सराव बंद आणि डॉक्टरांना दाखवा आधी. फरशी कडक, दणका सगळा पायात जातो. टाच आधी आपटते का बघा, तळवा पूर्ण एकदम पडायला हवा.

सांजसावली:
+१. आणि घुंगरू लगेच शंभर-शंभरचे घेऊ नका हं. आम्हाला पन्नास-पन्नासचे बांधायला लावले, तेही बऱ्याच उशिरा. काचतात फार, खाली कापडी पट्टी गुंडाळायची.

घाईगडबड:
घेतले की हो! नणंदेचे जुने आहेत. पितळ काळं पडलंय, चिंच लावू का?

आडवाटेने:
लावा, पण आधी दोरीतून सोडवून घ्या. भिजली की कुजते ती.

घाईगडबड:
एवढे सगळे सोडवून परत ओवायचे?? नणंदेलाच बोलावते. थांबा, तिसरी शिट्टी झाली.