मदत हवी आहे: नायट्रो ट्रकचं इंजिन जाम, दोरी ओढलीच जात नाही

भातखाचर
नमस्कार मंडळी. रिमोटवर चालणारा छोटा नायट्रो ट्रक आहे, इंजिन जाम झालंय. स्टार्टरची दोरी बोटभरसुद्धा येत नाही. प्लग नवीन टाकून पाहिला, प्लग तापवणारा इग्नायटर चार्ज आहे. बाहेरून सगळीकडे तेलाचा चिकट थर आणि त्यावर माती बसलीय, ती कशी काढायची तेही सांगा. रविवारी भाचा येतोय, त्याच्या आधी चालू व्हायला हवा. लवकर कळवा प्लीज.

पाना_नंबर_दहा
कुठला ट्रक, कुठलं इंजिन, शेवटचा कधी चालवला? आणि दोरी हिसकू नका. तुटेल, नाहीतर आतला वन-वे (एकाच दिशेने फिरणारा) बेअरिंग जाईल.

ब्रशलेस_भाऊ
विकून टाका आणि ब्रशलेस मोटरची इलेक्ट्रिक गाडी घ्या. बॅटरी लावली की सुटला, ना धूर ना चिकटपणा. मी दोन्ही चालवलेत म्हणून सांगतोय.

भातखाचर
विकायचा नाहीये. सॅव्हेज मॉडेल आहे, .२१ घनइंचाचं इंजिन, पुलस्टार्ट म्हणजे दोरीने सुरू होणारं. मे महिन्यात चालवला होता, तेव्हा एकदम मस्त चालत होता.

विमानवाला
मे ते दिवाळी कुठे होता? टाकी रिकामी केली होती? चालवून झाल्यावर गंज टाळायला घालतात ते आफ्टर-रन ऑइल घातलं होतं? राहता कुठे?

भातखाचर
चिपळूण. खोक्यात घालून माळ्यावर होता. टाकीत थोडं इंधन असेल. पण माझा प्रश्न दोरीचा आहे हो.

विमानवाला
दोरीचं उत्तर त्यातच आहे. या इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. चिपळूणचा अख्खा पावसाळा ते तुमच्या क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या कवचात) बसून होतं. मिथेनॉल उडून गेलं, पाणी आणि तेल मागे राहिलं. तेलात एरंडेल असेल तर ते सुकून डिंकासारखं होतं. शिवाय या इंजिनाची स्लीव्ह (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती केलेली असते. पिस्टन नेमका तिथे थांबला असेल तर तो पाचरीसारखा अडकतो.

आधी ग्लो प्लग काढा आणि दोरी अलगद ओढून बघा. आली तर सिलिंडरमध्ये इंधन भरलं होतं एवढंच. ओढत राहा, प्लगच्या भोकातून बाहेर येईल. भोकावर तोंड धरू नका, मिथेनॉल डोळ्यांत गेलं तर दवाखान्यात जावं लागेल. तरीही नाही आली तर इथे सांगा.

आळंदी_टू_टी
टू-स्ट्रोकच आहे ना? मग पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळून टाका. आमची लूना वर्षानुवर्षं त्यावर चालली. नायट्रो इंधनाला पैसे कशाला घालवायचे?

पाना_नंबर_दहा
काका, याला स्पार्क नसतो. प्लगमधली प्लॅटिनमची तार मिथेनॉलच्या संगतीने लाल राहते, त्यावर इंजिन चालतं. पेट्रोलवर ते होत नाही. कृपा करून त्यांना हे करायला लावू नका.

आळंदी_टू_टी
बरं. पण स्वच्छ करायला तरी पेट्रोल चालेल. आम्ही कार्ब्युरेटर पेट्रोलनेच धुवायचो.

कोकणकडा
त्यापेक्षा डब्ल्यूडी-४० मारा, आत-बाहेर सगळीकडे. माझं आफ्टर-रन ऑइल तेच आहे, कधी गंज आला नाही.

पाना_नंबर_दहा
डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, महिनोन्महिने गंज रोखायला पातळ पडतं. मी मशीन ऑइल किंवा आफ्टर-रन ऑइलच वापरतो.

कोकणकडा
तुमच्याकडे कोरडी हवा. मी मालवणला राहतो, समुद्रापासून चालत. माझं इंजिन अजून चालतंय.

पाना_नंबर_दहा
तुम्ही दर आठवड्याला चालवत असाल म्हणून. प्रश्न सहा महिने पडून राहण्याचा आहे.

मिनू_आत्या
पॉलिकार्बोनेटची बॉडी असेल तर रंग आतल्या बाजूने द्यायचा असतो, म्हणजे बाहेर ओरखडे पडले तरी रंग निघत नाही. गडद रंग आधी, पांढरा शेवटी. माझ्या मुलाची बॉडी मी अशीच केली, फोटो हवा असेल तर टाकते.

भातखाचर
प्लग काढला. दोरी अजूनही येत नाही. आता?

विमानवाला
म्हणजे पिस्टन अडकलाय. टाकी आणि इंधनाच्या नळ्या काढून लांब ठेवा. मिथेनॉलची ज्योत उजेडात दिसत नाही, हे हलक्यात घेऊ नका. गॅसपासून दूर बसा. प्लगच्या भोकातून आणि कार्ब्युरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे चार-पाच थेंब सोडा, रात्रभर राहू द्या. सकाळी कूलिंग हेडला हेअर ड्रायरने चांगलं तापवा. वरून ऊब मिळाली की स्लीव्ह सैल पडते आणि सुकलेलं एरंडेल मऊ होतं. मग दोरीला हात न लावता फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक) बोटांनी फिरवा. फ्लायव्हीलच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या उलट, इंजिन चालतं त्याच दिशेने. उलटं फिरवाल तर स्टार्टर अडवेल. पकडीने धरायची वेळ आली तर मध्ये जाड कापड घ्या आणि थोडंसंच हलवा.

ब्रशलेस_भाऊ
एवढ्या वेळात माझी बॅटरी दोनदा चार्ज झाली असती.

भातखाचर
मंडळी, हललं! ड्रायरने हेड हाताला चटका बसेल इतकं तापवलं, मग फ्लायव्हील आधी किंचित सरकलं आणि टक्कन आवाज होऊन सुटलं. आता दोरी येते. पण फिरवताना मागच्या बाजूने खरखर लागते. कार्ब्युरेटर काढून आत बॅटरीचा उजेड टाकला तर क्रँकशाफ्टच्या मागे लालसर तपकिरी डाग आहेत. रविवारी चालवू का?

विमानवाला
अजिबात नको. तो मागचा मुख्य बेअरिंग गंजलाय. त्यातल्या गोळ्या धरणारा पिंजरा तुटला तर तुकडे वर जाऊन पिस्टन आणि स्लीव्ह दोन्ही खातील. बेअरिंग बदलणं परवडतं, पिस्टन-स्लीव्हचा संच महाग पडतो.

पाना_नंबर_दहा
सहमत. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, नाही दिसला तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. बेअरिंगच्या दुकानात मिळून जाईल. इंजिन पूर्ण खोला, लाकडाच्या दांड्याने ठोकून जुना काढा.

विमानवाला
थंड असताना ठोकू नका हो, बेअरिंग बसतो ते अॅल्युमिनियमचं घर खराब होतं. क्रँककेस रिकामी करून हीट गनने तापवा आणि लाकडाच्या फळीवर आपटा, बेअरिंग स्वतः गळून पडतो. नवा आधी फ्रीझरमध्ये ठेवा आणि तापलेल्या घरात सरळ बसवा. ज्या ओव्हनमध्ये स्वयंपाक होतो त्यात क्रँककेस घालू नका.

भातखाचर
ठीक. बेअरिंग मागवतो. मग रविवारी भाच्याला इंजिन खोलायलाच बसवतो. आणि तो चिकट थर?

पाना_नंबर_दहा
तो बहुतेक इंधनातलंच तेल आहे, न जळता सायलेन्सरमधून बाहेर आलेलं. आधी कोरड्या ब्रशने माती झाडा. मग डिनेचर्ड स्पिरिट फवारून जुन्या टूथब्रशने घासा. ब्रेक क्लीनर प्लास्टिकवर नको, पेट्रोल तर घरात नकोच. कार्ब्युरेटर, सायलेन्सरचं तोंड आणि रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरचा डबा झाकून घ्या. पाण्याचा पाइप मारायचा नाही. धुऊन झालं की चाकांच्या बेअरिंगना थेंबथेंब तेल द्या, कारण स्पिरिट तेही काढून टाकतं. एअर फिल्टरचा फोम भांड्यांच्या साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, फिल्टर ऑइल चोळून परत बसवा. फिल्टर कोरडा असेल तर गाडी सुरूच करू नका. धुळीचा एक घास इंजिन संपवतो.

कोकणकडा
फिल्टरला डब्ल्यूडी-४० नको, हे मात्र मलाही मान्य.

विमानवाला
आणि यापुढे दिवस संपला की इंधन पूर्ण संपेपर्यंत चालवा, टाकी पूर्ण रिकामी करा, प्लग काढून आफ्टर-रन ऑइलचे थेंब टाका, दोरी काही वेळा ओढा. मग पिस्टन तळाला आणून ठेवा, म्हणजे निमुळत्या भागात अडकणार नाही. इंधनाचा कॅन उघडा ठेवू नका आणि मे महिन्यातलं उरलेलं वापरू नका. नवा बेअरिंग बसवल्यावर पहिल्या टाक्या थोड्या रिचवर (इंधन जास्त, हवा कमी) चालवा, कार्ब्युरेटरची हाय स्पीड नीडल घड्याळाच्या उलट थोडी सोडून. तापमान मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, हेड साधारण १०० ते १२० अंशांच्या आसपास राहिलं पाहिजे.

मिनू_आत्या
फोटो टाकू का मग?

भातखाचर
टाका ना आत्या, भाच्याला बॉडीही रंगवायची आहे. विमानवाले, मागचा बेअरिंग बदलतोच आहे तर पुढचाही एकत्र बदलू का?

विमानवाला
हो, दोन्ही एकदमच.